मेल सर्व्हरवरचे किती टपाल कूटबद्ध होऊन जाते, हे नेमके मोजावे कसे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी एका शिक्षण संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळतो. पुढे टपाल पाठवणारा आणि घेणारा पोस्टफिक्स, त्याच्या मागे विषाणू आणि स्पॅम गाळणारा अमाविस, आणि पत्रपेट्यांसाठी डव्हकॉट, अशी नेहमीची मांडणी आहे. गेल्या महिन्यात संस्थेच्या कार्यकारी मंडळाने मला साधा वाटणारा प्रश्न विचारला: आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या टपालापैकी किती टक्के टपाल वाटेत कूटबद्ध असते? आमच्याकडून गुणपत्रके, जातीचे दाखले, पालकांच्या उत्पन्नाचे दाखले असे सगळे काही मेलने जाते, त्यामुळे प्रश्न रास्तच होता.

टीएलएस म्हणजे दोन यंत्रांमधले बोलणे कूटबद्ध करणारी पद्धत. पोस्टफिक्सची तिच्याविषयीची नोंद मुळात बंद असते, ती मी पहिल्या पातळीवर सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी एका दिवसाचा लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, मोजला. पत्र पोहोचल्याच्या, म्हणजे 'स्टेटस सेंट' असलेल्या ओळी ३,२०० निघाल्या आणि बाहेरच्या सर्व्हरशी टीएलएस जोडणी झाल्याच्या ओळी ५६०. भागाकार केला तर साडेसतरा टक्के येतात. हा आकडा चुकीचा आहे एवढे मला कळते, कारण सहज म्हणून दहा पत्रे हाताने तपासली तर दहाही कूटबद्ध गेलेली होती. पण चूक नेमकी कुठे होते आहे ते सापडत नाही, आणि चुकीचा आकडा मंडळापुढे ठेवायची माझी इच्छा नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया मार्ग दाखवावा.

निशाचर

चूक भाजकात आहे. तुमच्याकडे अमाविस आहे असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. पोस्टफिक्स प्रत्येक पत्र आधी त्याच यंत्रावरच्या १००२४ क्रमांकाच्या पोर्टवर अमाविसकडे देतो, अमाविस ते तपासून १००२५ वर परत करतो आणि मगच ते खऱ्या पत्त्यावर जाते. म्हणजे एकाच पत्राची 'पोहोचले' ही नोंद दोनदा होते, आणि त्यातली पहिली फेरी १२७.०.०.१ या पत्त्यावर, यंत्राच्या पोटातल्या पोटात होत असल्यामुळे तिथे टीएलएस नसते आणि असण्याची गरजही नसते. तुम्ही तो सगळा घरातला प्रवास 'उघडे टपाल' म्हणून धरला आहे. त्यात संस्थेतल्या संस्थेत डव्हकॉटकडे गेलेली पत्रेही मिसळली आहेत. पत्र कोणाकडे सोपवले ते सांगणाऱ्या 'रिले' या रकान्यात बाहेरचा पत्ता आहे तेवढ्याच ओळी ठेवा आणि पुन्हा मोजा.

दुसरी अडचण याहून बारीक आहे. 'स्टेटस सेंट' ही ओळ दर प्राप्तकर्त्यामागे एक पडते, तर टीएलएसची ओळ दर जोडणीमागे एक. एकाच महाविद्यालयातल्या वीस प्राध्यापकांना एक परिपत्रक गेले तर वीस ओळी एका बाजूला आणि एक ओळ दुसऱ्या बाजूला, असे होते. उलट, समोरच्याने 'थोड्या वेळाने या' म्हणून परत पाठवले तर टीएलएसची ओळ पडते, पण पत्र पोहोचलेले नसते. म्हणून नुसत्या ओळी मोजून भागाकार करणे बरोबर नाही. दोन्ही ओळींमध्ये एसएमटीपी प्रक्रियेचा क्रमांक आणि समोरच्या सर्व्हरचा पत्ता असतो, त्यांवरून जोड्या लावाव्या लागतात. ज्यांच्याकडे पोस्टफिक्सऐवजी एक्झिम हा मेल सर्व्हर आहे त्यांना हा खटाटोप करावा लागत नाही, कारण तिथे पत्र पोहोचल्याच्या ओळीतच टीएलएसची आवृत्ती लिहिलेली असते.

वाचनमात्र

मी या क्षेत्रातला नाही, पण विषय माझ्याही पत्रांचा आहे म्हणून विचारतो. ब्राउझरमध्ये मेल उघडताना वर कुलूप दिसते. मग पत्र उघडे जाण्याचा प्रश्न येतोच कुठे?

सह्यकडा

वाचनमात्र, तुमचा प्रश्न अजिबात बाहेरचा नाही, उलट गैरसमज नेमका याच ठिकाणी होतो. ते कुलूप तुमच्या आणि तुमच्या मेल कंपनीच्या मधल्या टप्प्याचे आहे. तिथून पुढे तुमच्या कंपनीचा सर्व्हर पत्र घेऊन समोरच्या सर्व्हरकडे जातो. हा दुसरा टप्पा तुम्हाला कधीच दिसत नाही, आणि या धाग्यात मोजायचा आहे तो हाच.

दोन सर्व्हर एकमेकांशी एसएमटीपी या भाषेत बोलतात. तिचा नियमग्रंथ १९८२ सालचा आहे आणि त्यात कूटबद्धतेचा विचारच नव्हता. १९९९ मध्ये तिला स्टार्टटीएलएस ही आज्ञा जोडण्यात आली आणि २००२ मध्ये त्या नियमाची सुधारित आवृत्ती निघाली. बोलणे सुरू उघड्यावरच होते. समोरचा सर्व्हर आपल्याला काय काय येते याची यादी वाचतो, त्या यादीत स्टार्टटीएलएस असेल तर दोघे कूटबद्ध बोलू लागतात, आणि नसेल तर पत्र तसेच उघडे पुढे जाते. पाठवणाऱ्याला कोणी काही सांगत नाही, पत्र अडत नाही, पोहोचते. म्हणूनच ही गोष्ट मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजमापाला जोर आला तो २०१३ मध्ये स्नोडेनने सरकारी पाळतीची कागदपत्रे उघड केल्यानंतर. मे २०१४ मध्ये फेसबुकने आपल्या सूचनापत्रांचा हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा ५८ टक्के पत्रे कूटबद्ध जात होती. त्यानंतर याहू आणि मायक्रोसॉफ्ट या दोन मोठ्या सेवांनी स्टार्टटीएलएस सुरू केले आणि त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत फेसबुकचा आकडा ९५ टक्क्यांवर गेला. जून २०१४ मध्ये गूगलने आपल्या पारदर्शकता अहवालात हे प्रमाण सगळ्यांना पाहता येईल असे मांडायला सुरुवात केली, तेव्हा जीमेल आणि इतर सेवा यांच्यामधली ४० ते ५० टक्के पत्रे उघडी जात असल्याचे त्यांनी म्हटले होते. त्या अहवालात नुसती बेरीज नव्हती, डोमेननिहाय आकडे होते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आपले नाव यादीत दिसू लागले की दुरुस्ती लवकर होते.

तिसरी_घंटा

माहिती चांगली आहे, पण मला मूळ प्रश्नाबद्दलच शंका आहे आणि ती मांडणे मला आवश्यक वाटते. कार्यकारी मंडळाला 'कूटबद्ध' म्हणजे 'सुरक्षित' असे अभिप्रेत असणार. पोस्टफिक्स ज्या ओळीत टीएलएस जोडणी झाल्याचे सांगतो, तिच्या सुरुवातीला 'ट्रस्टेड' किंवा 'अनट्रस्टेड' असा शब्द असतो. अनट्रस्टेड म्हणजे संभाषण कूटबद्ध आहे, पण समोरच्याचे प्रमाणपत्र, म्हणजे तो कोण हे सांगणारा डिजिटल दाखला, पडताळलेले नाही. इतकेच काय, सक्तीचे धोरण नसेल तेव्हा ट्रस्टेडचा अर्थही एवढाच की प्रमाणपत्र ओळखीच्या संस्थेने दिलेले आहे. ते याच सर्व्हरच्या नावाचे आहे का, हे तेव्हा तपासले जात नाही. सह्यकडा यांनी फेसबुकच्या ज्या हिशेबाचा उल्लेख केला त्यातही, मे २०१४ मध्ये कूटबद्ध गेलेल्या पत्रांपैकी सुमारे निम्म्याच पत्रांच्या बाबतीत प्रमाणपत्र पडताळणीत टिकले होते.

म्हणजे लखोटा डकवलेला आहे, पण तो घ्यायला दारात उभा असलेला माणूस कोण हे आपण विचारलेले नाही. असे असताना मंडळापुढे 'अमुक टक्के' असा एकच आकडा ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

निशाचर

तिसरी_घंटा, निम्मे पटले, निम्मे नाही. ऐकणारे दोन प्रकारचे असतात. एक नुसता तारेवर कान लावून बसलेला, आणि दुसरा मध्ये उभा राहून बोलणे बदलणारा. प्रमाणपत्र न पडताळताही पहिल्याचे काम पूर्ण बंद होते. सरसकट सगळ्यांचे टपाल साठवून ठेवणे हा पहिल्याचाच उद्योग आहे, आणि तो महाग करून ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. २०१४ अखेरच्या ७४३५ क्रमांकाच्या आरएफसीत, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात, याच विचाराला मान्यता दिली आहे: पूर्ण संरक्षण शक्य नसेल तिथे उघडे जाण्यापेक्षा थोडे तरी संरक्षण घ्यावे.

तेव्हा आकडा ठेवावा, पण तीन भागांत ठेवावा: उघडे, कूटबद्ध पण न पडताळलेले, आणि पडताळलेले. एक सावधगिरी मात्र बाळगा. आपल्या पोस्टफिक्सला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची यादी कुठे आहे हे सांगितलेले नसेल तर जीमेलसुद्धा अनट्रस्टेड दिसते. तो दोष समोरच्याचा नाही, आपल्या मांडणीचा आहे. मी स्वतः हे दोन वर्षे चुकीचे वाचत होतो.

ऱ्हाईनकाठ

कृष्णाकाठ यांच्या धाग्यावर ऱ्हाईनकाठाने लिहावे हा योग छान आहे. मी जर्मनीत एका लहान कंपनीचे मेल सर्व्हर पाहते.

निशाचर यांनी सांगितलेला दुसरा प्रकार, मध्ये उभा राहणारा, हा नुसता कल्पनेतला नाही. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठ, गूगल आणि इतर काही संशोधकांनी मिळून जीमेलकडे येणाऱ्या टपालाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की सात देशांमधून येणाऱ्या पत्रांपैकी २० टक्क्यांहून अधिक पत्रांच्या वाटेत कोणीतरी स्टार्टटीएलएस ही आज्ञाच पुसून टाकत होते, आणि ट्युनिशियामधून येणाऱ्या पत्रांत हे प्रमाण ९६ टक्के होते. पुसणारे म्हणजे सगळे हेरच असतात असे नाही. काही फायरवॉल 'तपासणी'च्या नावाखाली हेच करतात, कारण कूटबद्ध बोलणे त्यांना वाचता येत नाही.

यावर दोन उपाय आहेत. डेन या पद्धतीत आपल्या सर्व्हरच्या प्रमाणपत्राचा ठसा डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदीत, ठेवतात, पण त्यासाठी डोमेनला डीएनएससेक, म्हणजे त्या नोंदींवरची डिजिटल सही, असावे लागते. इकडे जर्मनीत आणि शेजारी नेदरलँड्समध्ये हा मार्ग बराच रुळला आहे. दुसरा मार्ग एमटीए-एसटीएस. त्यात 'माझ्याकडे पत्र आणायचे तर कूटबद्धच आणा' असे धोरण वेबवर एका ठरलेल्या ठिकाणी ठेवायचे असते. जीमेल हे धोरण २०१९ पासून पाळते.

परंतु या धाग्याच्या दृष्टीने सर्वात उपयोगी आहे ते त्याच्याच जोडीने सप्टेंबर २०१८ मध्ये आलेले टीएलएस-आरपीटी. डीएनएसमध्ये एक ओळ घातली की तुम्हाला पत्रे पाठवणारे मोठे सर्व्हर दिवसातून एकदा अहवाल पाठवतात: तुमच्याकडे येताना इतक्या जोडण्या यशस्वी झाल्या, इतक्या फसल्या आणि कारण अमुक. स्वतःच्या लॉगमध्ये फसलेल्याचे कारण नीट कळत नाही, ते समोरच्यालाच ठाऊक असते. मी पहिला अहवाल उघडला तेव्हा आमच्या दुय्यम सर्व्हरचे प्रमाणपत्र मुदत संपून पडलेले होते, हे मला त्या अहवालावरून समजले. तो सर्व्हर इतका क्वचित वापरला जातो की एरवी कोणाच्या लक्षातही आले नसते.

पणजीकर

आतापर्यंत सगळ्यांनी जाणाऱ्या टपालाबद्दल लिहिले आहे, म्हणून येणाऱ्याबद्दल थोडे लिहितो. तिथे भाजक आणखी फसवा असतो. दिवसभर पोर्ट २५ वर येऊन दार ठोठावणारी यंत्रे, काही न बोलता निघून जाणारे स्कॅनर, नाकारलेला स्पॅम या सगळ्या जोडण्या मोजल्या तर प्रमाण विनाकारण खाली येते. स्वीकारलेली पत्रेच मोजावीत. आणखी एक गोष्ट म्हणजे येणाऱ्या बाजूला पोस्टफिक्स जवळजवळ नेहमी 'अनॉनिमस टीएलएस' लिहितो. त्याला घाबरू नये. पाठवणारा सर्व्हर आपले प्रमाणपत्र सहसा दाखवत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दुसरे, हे मोजताना आपण कोणी कोणाला पत्र लिहिले याची यादी हाताळत असतो, याचे भान असावे. सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावेच लागतात, पण आलेख काढण्यासाठी पत्ते लागत नाहीत. मी रोज रात्री लॉगमधून फक्त डोमेन, पत्रांची संख्या आणि टीएलएसची आवृत्ती एवढेच काढून वेगळ्या तक्त्यात ठेवतो. आवृत्ती ठेवण्याचे कारण असे की टीएलएस १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या, आणि आमच्याकडे अजून त्या वापरून बोलणारे दोन पुरवठादार आहेत.

वाचनमात्र

सह्यकडा, उत्तराबद्दल मनापासून आभार. आता एकच विचारतो. माझ्यासारख्या माणसाला एखादे आलेले पत्र कसे आले, हे पाहता येते का?

सह्यकडा

येते. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखालचा लहान बाण दाबला की तपशिलात सुरक्षिततेची ओळ दिसते. २०१६ च्या फेब्रुवारीपासून जीमेलने उघड्या आलेल्या पत्राशेजारी लाल रंगाचे उघडे कुलूपही दाखवायला सुरुवात केली. कोणतीही सेवा असली तरी पत्राचे मूळ शीर्षलेख उघडून 'रिसीव्हड' या ओळी वाचता येतात. तिथे 'ईएसएमटीपीएस' असे असेल तर तो टप्पा कूटबद्ध होता, आणि शेवटचा 'एस' नसेल तर बहुधा नव्हता. मात्र प्रत्येक ओळ एकेका टप्प्याची असते, आणि ती त्या त्या टप्प्यावरच्या सर्व्हरने लिहिलेली असते, म्हणून फक्त आपल्या स्वतःच्या सर्व्हरने लिहिलेल्या ओळीवर पूर्ण विश्वास ठेवावा. हेही सांगायला हवे की प्रत्येक सर्व्हरवर पोहोचल्यावर पत्र उलगडलेलेच असते. हे कुलूप रस्त्याचे आहे, पेटीचे नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. दोन रविवार खर्ची घालून निशाचर यांनी सांगितल्याप्रमाणे त्याच दिवसाचा लॉग पुन्हा मोजला. ३,२०० ओळींपैकी १,६०० अमाविसच्या फेरीच्या होत्या, १,००० संस्थेतल्या संस्थेत पेट्यांकडे गेलेल्या, आणि खऱ्या अर्थाने बाहेर गेलेल्या फक्त ६००. प्रक्रियेच्या क्रमांकावरून जोड्या लावल्यावर त्यांतल्या ५८८ कूटबद्ध आणि १२ उघड्या निघाल्या. साडेसतरा टक्क्यांचे ९८ टक्के झाले. सर्व्हरवर काहीही न बदलता!

पण मला झोप लागू दिली नाही ती त्या बाराने. ९८ टक्क्यांकडे पाहून कोणीही पुढे गेले असते. डोमेननिहाय तक्ता केल्यावर दिसले की बारापैकी अकरा पत्रे एकाच कार्यालयाकडे गेली होती, आणि ते कार्यालय म्हणजे ज्यांच्याकडे आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज पाठवतो ते. म्हणजे आमचे सर्वात नाजूक कागद नेमके त्या दोन टक्क्यांत होते.

मी आमच्या सर्व्हरवरून टेलनेट या साध्या जोडणीच्या साधनाने त्यांच्या पोर्ट २५ वर गेलो आणि हाताने 'ईएचएलओ', म्हणजे एसएमटीपीतला नमस्कार, लिहिले. उत्तरात यादी आली: आकार, पाइपलायनिंग, आणि मध्येच एका ओळीत नुसत्या आठ फुल्या. मला आधी वाटले की पडद्यावर काहीतरी बिघडले. मग ऱ्हाईनकाठ यांचा प्रतिसाद आठवला आणि अक्षरे मोजली. इंग्रजीत स्टार्टटीएलएस ही आठच अक्षरे आहेत. कोणीतरी तो शब्द खोडून तितक्याच लांबीच्या फुल्या मारल्या होत्या. त्या कार्यालयातल्या तंत्रज्ञांना फोन केला तर त्यांनी त्यांच्या सर्व्हरवर स्टार्टटीएलएस सुरू असल्याचे खात्रीने सांगितले, आणि ते खरेही होते. त्यांनी आतल्या जाळ्यातून जोडणी केली तर शब्द पूर्ण दिसत होता. फुल्या मारणारी त्यांचीच फायरवॉल होती, एसएमटीपी तपासणीची सोय कधीतरी सुरू करून विसरलेली.

आता प्रश्न असा की त्यांची दुरुस्ती होईपर्यंत या डोमेनसाठी कूटबद्धतेची सक्ती करून ठेवू का?

तिसरी_घंटा

आधी मनापासून अभिनंदन. मी एकट्या टक्केवारीच्या आकड्यावर आक्षेप घेतला होता तो पडताळणीसाठी, पण तुम्ही त्याच्या आतले खरे दुखणे बाहेर काढले आहे.

सक्तीबद्दल: पोस्टफिक्सच्या धोरण-तक्त्यात त्या डोमेनपुढे सक्तीची पातळी लिहिली तर आजच्या स्थितीत एकही पत्र जाणार नाही. ते रांगेत थांबेल, आणि मूळ मांडणी बदललेली नसेल तर पाच दिवसांनी परत येईल. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत असते, त्यामुळे पाठवणाऱ्या विभागाला आधी कळवल्याशिवाय हे करू नका. तोवर अर्ज पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. दुरुस्ती झाल्यावर मात्र सक्ती नक्की करा, नाहीतर उद्या कोणी तीच सोय पुन्हा सुरू केली तर तुम्हाला कळणारही नाही.

निशाचर

सहमत. आणि रोजच्या तक्त्यात एक नियम घाला: काल कूटबद्ध गेलेले डोमेन आज उघडे गेले तर सकाळी सूचना यावी. एकूण टक्का एका डोमेनच्या बिघाडाने हलत नाही, हे तुमच्याच आकड्यांवरून दिसले. वाचनखूण साठवली आहे.

कृष्णाकाठ

अर्ज तूर्त पासवर्ड घालूनच पाठवले. त्या कार्यालयाने काल संध्याकाळी फायरवॉलमधली ती तपासणी बंद केली. आज सकाळी ९.४० वाजता गेलेल्या पहिल्याच पत्राआधी लॉगमध्ये टीएलएस १.२ ची जोडणी झाल्याची ओळ आहे. ती 'अनट्रस्टेड' आहे, कारण त्यांचे प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच बनवलेले आहे, आणि त्याबद्दल आमचे बोलणे सुरू आहे. कूटबद्धतेची सक्ती दुपारी लावली. मंडळापुढे निशाचर यांनी सुचवलेले तीन रकाने आणि सोबत डोमेननिहाय यादी ठेवणार आहे. बारावे उघडे पत्र कोणाकडे गेले होते, त्याचा शोध आता घेतो.